उपयोगाचं वाक्य

रेवणसिद्धाप्पांच्या छापखान्यात चंद्रप्रभा शिरली ती पावसापासून वाचायला. माघातला अवकाळी पाऊस, हातात छत्री नाही, आणि नांदेडच्या त्या गल्लीत दुसरा आडोसा नाही. आत दोरीवर ओले छापील कागद वाळत घातले होते. निजामाच्या राज्यात जिकडेतिकडे उर्दू. छापील मराठी दिसली की मुलींच्या शाळेत शिकवणारी ही देगलूरची मुलगी ती वाचल्याशिवाय राहत नसे.

शाळेच्या पोरांसाठी इंग्रजी शब्दांचे अर्थ होते ते. ‘एम्बेडेड’ या शब्दापुढं लिहिलं होतं — आत पक्का बसलेला. रुतलेला, रोवलेला, जडलेला. आणि खाली, उपयोग : ‘हट्ट हा बायकांच्या स्वभावात रुतलेला असतो.’

तिची कानशिलं तापली.

“रेवणसिद्धाप्पा, हे कुण्या शहाण्यानं लिहिलंय?”

“मी...” छपाईच्या खिळ्यांच्या खणांमागून एक तरुण उठला. नाकाच्या शेंड्याला शाई लागली होती. “रेणुकादास. लातूरला इंग्रजी शिकवतो.”

“असं? किती बायकांचे स्वभाव पाहिलेत, मास्तर?”

तो गडबडला. “दोन... आई आणि बहीण.”

“मग तसं लिहा ना — माझ्या आईच्या आणि बहिणीच्या स्वभावात! आमच्या पोरी हे पाठ करणार, परीक्षेत स्वतःच्या हातानं लिहिणार. लाज कशी वाटली नाही तुम्हांला?” तिनं कागदावर बोट आपटलं. “आणि शब्दही गलत. काटा रुततो, गाडीचं चाक रुततं. बाहेरचं काही आत घुसून अडकलं तर रुततं. स्वभावातलं मुरलेलं असतं, भिनलेलं असतं.”

“आणि... रोवलेलं?”

“खांब रोवतात. मुद्दाम, जोर लावून.”

“जडलेलं?”

“सवय जडते. रोग जडतो.”

“जीवही जडतो,” तो हळूच म्हणाला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तो मघापासून कागदाकडं बघतच नव्हता.

“ते पुस्तकात घालू नका,” ती फटकारून म्हणाली. पण पदर उगाच दोनदा सारखा केला.

“मग उपयोगाचं वाक्य तुम्हीच सांगा, बाई.”

“लिहा. ‘बायकांना कमी लेखायची खोड पुरुषांच्या हाडीमांसी मुरलेली असते.’”

तो मोकळेपणानं हसला. “हे पुस्तकाचे मालक आप्पासाहेब छापू द्यायचे नाहीत. कागद त्यांचा आहे.”

“मग काट्याचं घाला. ‘बाभळीचा काटा टाचेत रुतला.’ पण ते वाक्य काढा.”

“काढतो. शब्द देतो तुम्हांला.”

बाहेर पाऊस थांबला होता. एवढ्यात कशाला थांबला... असं तिला वाटून गेलं, आणि स्वतःचाच राग आला.

होळीनंतर बांधलेली पुस्तकं शाळेत आली. चंद्रप्रभानं आधी ते पान उघडलं. वाक्य जिथल्या तिथं! एक अक्षर हललेलं नव्हतं.

रागानं तिला रडूही फुटेना. वाक्यापेक्षाही त्या डोळ्यांचा संताप आला... तसं बघून दिलेला शब्द असा मोडावा? तिनं रेवणसिद्धाप्पांना निरोप धाडला, “तुमच्या मास्तरांना सांगा, पुन्हा तोंड दाखवू नका.” आणि मुख्याध्यापिका विमलबाईंना सांगितलं, “हे पुस्तक मी शिकवणार नाही.”

“एका वाक्यापायी? अगं, आप्पासाहेब या शाळेचेही कारभारी आहेत. नोकरी जाईल.”

“जाऊ द्या.”

आप्पासाहेब आले, पानाचा तोबरा भरून खुर्चीत बसले. “शिकवणार नाही म्हणे?”

“ते वाक्य आहे तोवर नाही.”

“बघा विमलबाई! वाक्य खरं ठरलं की नाही?” ते खदाखदा हसले.

ती तोंड उघडणार, तोच दारातून आवाज आला, “वाक्य खोटं आहे, आप्पासाहेब.”

निरोप मिळताच लातूरहून निघालेला, मोटारीच्या धुळीनं माखलेला रेणुकादास आत आला.

“मी ते काढून गेलो होतो. माझ्यामागं परत कुणी घालायला लावलं?”

“मी. कागद माझा आहे.”

“नाव माझं आहे. वाक्य काढा, नाहीतर माझं नाव काढा. माझं नाव नसेल, तर लातूरची एकही शाळा हे पुस्तक घेणार नाही.”

“छापलेलं काय आता फाडायचं?”

“फाडायचं कशाला? नवं वाक्य छापून वर चिकटवू.”

आप्पासाहेबांचं हसू गेलं. दोघांकडं आळीपाळीनं बघून ते उठले. “करा तिकडं काय करायचं ते!” म्हणाले आणि वहाणा आपटत निघून गेले.

रेवणसिद्धाप्पांनी संध्याकाळच्या आत पट्ट्या छापून दिल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर मध्ये खळीचं भांडं घेऊन दोघं चिकटवायला बसली. विमलबाई आतून नजर ठेवून होत्या. चंद्रप्रभाचा राग अजून पुरता उतरला नव्हता.

“छापून होईतो थांबायला काय झालं होतं?”

“चुकलंच.” त्याची बोटं एकमेकांना चिकटली होती. तिनं ओलं फडकं पुढं केलं. घेताना बोटाला बोट लागलं... दोघांनीही हात जरा उशिरानं मागं घेतला.

“मी उद्या देगलूरला जातोय,” तो खाली बघत म्हणाला. “बापूसाहेबांना भेटायला.”

“माझ्या वडिलांना? ते कशाला?”

“तुम्हांला... मागणी घालायला.”

तिनं कुंचा भांड्यात आपटला. “वा! म्हणजे आता माझं लग्नही मला न विचारता? अजून तुमची खोड गेली नाही, मास्तर!”

तो लालबुंद झाला. मग उठून, खळीनं भरलेले हात तसेच धरून, तिच्यासमोर नीट उभा राहिला.

“विचारतो. चंद्रप्रभाबाई... माझ्याशी लग्न कराल?”

“शाळा सोडणार नाही मी.”

“मी लातूर सोडीन.”

“आणि पटलं नाही तर भांडेन.”

“रोज?”

“पटलं नाही तर रोज.”

“चालेल.”

आत विमलबाईंची खुर्ची करकरली. चंद्रप्रभानं मान फिरवली, पुढचं पुस्तक ओढलं, पट्टी लावली — ती उलटी लागली. आणि इतके दिवस शाळेतली मराठी बोलणाऱ्या तिच्या तोंडून थेट देगलूरच्या घरचा होकार निघाला.

“हाव.”

“काय म्हणालात?”

“दोनदा सांगणार न्हाई!” ती कडाडली, पण हसू लपवायला तिला पुस्तक तोंडापुढं धरावं लागलं.