शेंदराखालचं साल

“नळी तिकडं करा जी. मले अजून लगन करायचं हाय.”

प्रेमलानं दचकून मान वर केली. ओट्यासमोर उन्हानं रापलेला एक तरुण सायकल धरून उभा होता, आणि तिच्या मांडीवरच्या बंदुकीचं तोंड नेमकं त्याच्या पोटाकडे होतं. उद्या खंडेनवमी. आई गेल्यापासून घरातली शस्त्रं पुसून पूजेला मांडायचं काम तिच्याकडे आलं होतं.

“माह्या जलमात हिच्यातून बार निघाला नाही,” ती म्हणाली. “तुमच्यासाठीच निघन होय?”

“कोनाचं नशीब कवा उघडते... सांगता येते का?”

ती हसली, आणि हसल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

त्याचं नाव सुधाकर. दुसरबीडचा. जबलपूरच्या सरकारी शस्त्रागारात दोन वर्षं काढून आता मेहकरच्या तहसिलीत शस्त्रपरवान्यांचा कारकून होता. कुणाकडची जुनी लष्करी बंदूक कुठली, कधीची, हे पाहून वर कळवायचं होतं. म्हणून तो जानेफळला प्रेमलाच्या वडिलांकडे, हिंमतराव पाटलांकडे आला होता.

“त्यात पाहायचं काय?” हिंमतराव म्हणाले. “सत्तावनच्या बंडात माह्या बापानं गोऱ्या शिपायाच्या हातून हिसकावली हे. दसऱ्याले सारं गाव सोनं द्याले येते, तवा मी सांगतो. औंदा तुमीच सांगा. सरकारी मानसाचं लोक ऐकतीन.”

आपलं लोक का ऐकत नाहीत, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. गेल्या साली जंगल सत्याग्रहात गावची पोरं तुरुंगात गेली आणि पाटील पाटीलकी सांभाळत घरात बसले. तेव्हापासून बंदुकीची गोष्ट निघाली की मागच्या रांगेत कुणीतरी खोकायचं. सरकारची चाकरी करणाऱ्या या घरात बंडाचं म्हणावं असं दुसरं काहीच नव्हतं.

पण बंदुकीवर कोरलेलं साल वाचणार कसं? दरवर्षी पूजेला शेंदूर आणि तूप लावून लावून बंदुकीवर बोटभर थर चढला होता. देवाचा शेंदूर परक्यानं काढायचा नाही, पूजा मांडणाऱ्या हातांनीच काढायचा, अशी घरची रीत. तेव्हा घासलेटात चिंधी बुडवून प्रेमला घासू लागली आणि सुधाकर हातभर अंतरावर बसून सांगू लागला.

“हळू... घोड्याखाली पट्टी हाय, तिथं. लाडानं घासा.”

“बंदुकीचे एवढे लाड? मानसाचे बी करत जा कधी.”

“मानूस खोटं बोलते. लोखंड बोलत नाही.”

“आन मी?” तिनं मान तिरकी करून विचारलं.

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या गालांवर ऊन चढलं.

“तुमच्या नाकाले शेंदूर लागला हाय.”

दुपारी पानावर बसल्यावरही तेच. पाटलांच्या घरी येणारा प्रत्येक जण ‘वा, काय स्वयंपाक’ म्हणत ढेकर द्यायचा. हा पठ्ठ्या पाटलांसमोर म्हणाला, “भाजीत मीठ जास्त झालं.” आता, मीठ जास्त झालं म्हणणाऱ्यावर कुणाचा जीव जडतो का? प्रेमलाचा जडला. भाजी खरंच खारट होती, आणि इतकी वर्षं तिला तसं कुणी सांगितलंच नव्हतं.

खंडेनवमीला सकाळी शेंदराखालून आधी मुकुट दिसला, मग आकडे. अठराशे छप्पन.

“बंडाच्या आधीचं,” प्रेमला हरखून म्हणाली. “आबाले सांगून येतो मी.”

“थांबा. मागचं झाकण राह्यलं.”

ते तुपानं घट्ट चिकटलं होतं. तिच्यानं उघडेना, तेव्हा त्यानं तिच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून जोर लावला. खट्‌ करून झाकण उजवीकडे पडलं. हात मात्र तसाच राहिला... तिनं काढून घेतला नाही, त्यानं उचलला नाही. मग त्याची नजर आत गेली आणि त्यानं हळूच हात मागे घेतला.

“काय झालं?”

“हे झाकण नंतर बसवलं हाय. बंडानंतर धा वर्षांनी निघालं हे. सत्तावनात असी बंदूक गोऱ्याजवळ बी नव्हती. तवा तोंडाकडून दारू ठासत. पट्टी तेवढी जुनी. झाकण सरकारी कारखान्यातच बसे, म्हंजी बंडानंतर बी बंदूक सरकारजवळच होती.” त्यानं दस्ता उलटा केला. लाकडात दोन अक्षरं ठोकलेली होती. “हे निजामाच्या कंटिंजंट फौजेची खूण. बंडात ते फौज इंग्रजाकडून लढली. तुमचे आजोबा तिच्यात असतीन.”

प्रेमलाला आजी आठवली. आजी जन्मभर आजोबांना ‘हवालदार’ म्हणायची. घरात सगळ्यांना ते कौतुकानं म्हटलेलं वाटे.

“आबाले सांगू नका,” ती म्हणाली.

“मी खोटं नाही सांगत.”

“खोटं कुठं? पट्टीवरचं साल तेवढं सांगा. ते तं खरं हाय ना?” तिचे डोळे भरून आले. “माह्यासाठी.”

मग त्यानं झाकण लावून टाकलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन गाव ओट्यासमोर जमलं. सुधाकर उभा राहिला. “पट्टीवर साल हाय अठराशे छप्पन. बनावट विलायतेची.” एवढंच बोलून तो बसू लागला. इतक्यात मागच्या रांगेतून, तुरुंगात जाऊन आलेल्या पोरांपैकी तुळशीरामानं विचारलं, “म्हंजी बंडातलीच म्हना की साहेब?”

सुधाकरनं दाराकडे पाहिलं. दाराआड प्रेमलानं हात जोडले होते.

“हाव,” तो म्हणाला.

त्या दिवशी मागच्या रांगेत कुणी खोकलं नाही.

निघताना त्यानं तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. “आबा माह्या घरी लगनाचा सांगावा धाडतो म्हनतात.”

“मंग?”

“जीव तुमच्यात हाय, हे खरं. पन जावई झालो का दर दसऱ्याले मले त्या ओट्यावर उभं करतीन. दरसाल ‘हाव’ म्हना लागन. एक डाव म्हनलो, तुमच्यासाठी... जलमभर नाही जमायचं मले.”

“मी काय करू मंग?”

“आबाले खरं सांगा. गावाले नको, त्याईले एकट्याले. मंग त्याईनं बलावलं तं मी अनवानी येईन.”

ती तडक आत गेली. हिंमतराव बंदूक मांडीवर घेऊन एकटेच बसले होते.

“आबा...”

“पोरी, आज सुटलो मी,” ते म्हणाले. त्यांचा आवाज ओला होता. “लोक खोकत ना, तवा मले बी वाटे, बाप खोटं तं बोलला नसन? बापावर शक घेतला मी. आज तो खरा ठरला.”

प्रेमला तशीच उभी राहिली. शब्द अगदी ओठांशी आला होता. बाहेर सायकलची घंटी एकदा वाजली.

“पान वाढू?” तिनं विचारलं.

दिवाळीनंतर ‘बंडखोराच्या घरची पोरगी’ असा सांगावा दुसरबीडला गेला आणि नकार आला. हिंमतराव संतापले. “सरकारचा चाकर तो. बंडखोराच्या घरची पोरगी त्याले कशी चालन?” प्रेमला चुलीपुढे बसून हे ऐकत होती. भाजीत मीठ घातलं की नाही, तेच तिला आठवेना. जेवताना आबा नेहमीसारखे ‘छान झाली’ म्हणाले, आणि तिला रडू आवरलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला तिनं पट्टीवर शेंदूर असा जाड थापला की आकडेच काय, मुकुटही दिसेना. पण दसऱ्याला गाव जमलं आणि हिंमतरावांनी तिला दारातून बाहेर बोलावलं.

“औंदा साहेब नाही. पन माह्या लेकीनं आपल्या डोयानं वाचलं हाय. सांग पोरी.”

“अठराशे छप्पन,” ती म्हणाली. तेवढं खरं होतं.

“म्हंजी बंडातलीच ना, बाई?” तुळशीरामानं विचारलं. या खेपेला त्यानं आदरानं विचारलं होतं.

गेल्या साली सायकल उभी होती तिथे यंदा कुणाची तरी बैलगाडी सोडलेली होती. तिनं तिकडे एकदा पाहिलं.

“हाव,” प्रेमला म्हणाली.