चावी विसरवाडीला

वैशाखातल्या एका रणरणत्या दुपारी विसरवाडीच्या चौफुलीवर एक तरुण स्वतःच्याच गाडीला प्रदक्षिणा घालत होता. पहिल्या फेरीत त्यानं दार ओढून पाहिलं, दुसऱ्या फेरीत डिकी ओढली, तिसऱ्या फेरीत काचेला नाक लावून आत डोकावून पाहिलं. चहावाल्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळ्यांची फुकटात करमणूक चालली होती. समोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात प्रिस्किला एका फोनची फुटकी काच काढत बसली होती. तिनं मनाशी म्हटलं, चोर असता तर एवढा गोंधळला नसता, मालकच असणार!

चौथ्या फेरीऐवजी तो तिच्याकडे आला.

“ताई, चार्जर मिळेल का? जरा लवकर…”

“फोन बंद पडला?”

“फोन… आणि गाडीपण.” तो ओशाळला. “गाडीची चावी फोनमध्येच आहे ना. फोन खिशात असला की दार उघडतं, गाडी सुरू होते. आणि फोन बंद पडला की…”

“की मालक उन्हात.” प्रिस्किलानं चार्जरची वायर पुढे केली. “साधी चावी दिलीच नाही का कंपनीनं?”

“दिलीय. गाडीची पूजा झाली त्या दिवसापासून आईनं देवघरात ठेवलीय. शहाद्याला.”

ती खळखळून हसली. हसताना तिनं तोंडावर हात धरला नाही, हे त्यानं पाहिलं. माठातलं पाणी प्यायला, पुन्हा प्यायला, आणि पंधरा मिनिटांत सगळं सांगून टाकलं. नाव भूपेंद्र, तापीकाठी पपईच्या बागा, दर गुरुवारी सुरतेच्या व्यापाऱ्याकडे फेरी. तिनं विचारलं काहीच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी त्याचा फोन पुन्हा ‘बंद’ पडला, आणि त्याच्या पुढच्याही. तिसऱ्यांदा प्रिस्किलानं फोन हातात घेतला आणि भुवई उडवली.

“चव्वेचाळीस टक्के आहे बॅटरी.”

“मी मन्ही बॅटरी सांगी ऱ्हायनू,” तो हळूच म्हणाला, “फोननी नही.”

शाळेतली मराठी सोडून तो पहिल्यांदाच तिच्याशी घरच्या अहिराणीत बोलला होता. आणि त्या दिवशी त्यानं ‘ताई’ म्हटलं नाही. प्रिस्किलाच्या हातातला बारीक स्क्रू खाली पडला, आणि तो शोधायच्या निमित्तानं तिनं बराच वेळ मान वर केली नाही.

श्रावणात एकदा पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारी उभं राहूनही ओरडून बोलावं लागावं. तेव्हा त्यानं तिचा फोन मागितला. दोन्ही फोनवर काहीतरी केलं. तिच्या फोनवर अक्षरं उमटली – ‘भूपेंद्र तुम्हाला गाडीची चावी देत आहेत. स्वीकारायची का?’

“घाई नही,” तो म्हणाला, “इचार करीसन…”

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं बोट टेकवलं होतं.

“बस! आते फोन बंद पडना तरी फिकीर नही. चावी विसरवाडीले शे.”

त्या चावीनं गाडी लांबूनही ओळख द्यायची. फोनवरचं बटण दाबलं की गाडीचे दिवे दोनदा लुकलुकत, मग ती कुठंही का उभी असेना. मग काय! रोज संध्याकाळी ठीक सात वाजता प्रिस्किला विसरवाडीत बटण दाबायची, आणि तिकडे शहाद्याजवळच्या त्याच्या अंगणात गाडी डोळा मारायची. लगेच त्याचा निरोप यायचा, ‘दिसलं.’ एवढंच. त्या एका शब्दावर तिची रात्र सुखाची जायची.

घरी आई मंगळीबाईला हे पटलं नव्हतं. खांडबाऱ्याच्या जोएल मास्तरांचं स्थळ आलं होतं. आपल्यातलंच घर, आपलंच चर्च, आपलीच प्रार्थना, मुलगा सरळ. “दिवे लावून संसार होतो का गं?” आई विचारायची. “त्याच्या आईबापाला सांगितलंय का त्यानं?”

प्रिस्किलानं तेच भूपेंद्रला विचारलं.

“दिवाळी होऊ दे,” तो म्हणाला. “आबाले मी सोता सांगस. तोवर कोनले सांगजो नको. तुन्ही शप्पथ.”

तिनं जोएल मास्तरांच्या घरी नकार कळवला. आई दोन दिवस जेवली नाही. प्रिस्किलाला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांतही ती मनातून हवेतच होती.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. पपईची तोड सुरू झालीय म्हणून दोन गुरुवार तो आला नाही. पण सातचा ‘दिसलं’ एक दिवसही चुकला नाही, आणि तेवढ्यावर ती निर्धास्त होती.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी अकराला ती ओळखीची गाडी समोर येऊन थांबली. प्रिस्किलानं काउंटरवरूनच बटण दाबलं. गाडीचे दिवे लुकलुकले. दार उघडलं, आणि पांढरी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ हसत हसत उतरले. त्यांच्या मागून भूपेंद्र उतरला, खाली मान घालून.

“हाई तीच का?” गृहस्थांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दुकानाशी आले. “मी बन्सीलाल. हाऊ भूपेंद्र मन्हा पोऱ्या. तो सांगे, विसरवाडीले एक दुकानवाली पोरगी शे, चावी तिनापान ठेवेल शे, अडीअडचणले कामले येस. मी बोलनू, इतली भली पोर शे तर तिले पत्रिका देवालेच पाहिजे!”

त्यांनी पिशवीतून एक लालभडक पत्रिका काढून काचेवर ठेवली. भूपेंद्र आणि काजल. पुढल्या महिन्याची तारीख.

प्रिस्किलानं ती दोन नावं वाचली, आणि पुन्हा वाचली. तिनं भूपेंद्रकडे पाहिलं. तो समोर लटकवलेली फोनची कव्हरं बघत होता.

बन्सीलाल रंगात आले होते. “आन एक मजा ऐक बेटा. साखरपुडाना दिन पावना अंगणमा बठेल व्हतात. सात वाजनात, आन गाडीनी दोनदा डोळा मारा! काजलना मामा बोलना, जावईनी गाडीबी खूश शे! सगळा पोट धरीसन हसनात.”

“कधी झाला साखरपुडा, काका?”

“गया बुधवारले.”

गेला बुधवार तिला चांगला आठवत होता. त्या दिवशी नेहमीच्या एका शब्दाऐवजी त्यानं दोन वाक्यं लिहिली होती – ‘दिसलं. जिवाला बरं वाटलं.’ म्हणजे सोयऱ्यांच्या पंगतीत बसून, कपाळावरचा कुंकवाचा टिळा ओला असताना, त्यानं ते लिहिलं होतं. तिनं ते वाचून फोन उशाशी घेतला होता. आता तिला त्याची चीड आली, आणि त्याहून जास्त स्वतःची आली.

“आते ती चावी काढी टाक बेटा,” बन्सीलाल म्हणाले. “काजलना फोनमा टाकनी शे. ह्याले काढता येत नही म्हने.”

येत नाही! त्याच्या फोनवरून घरबसल्या दोन बोटांत काढता आली असती, हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. त्याला हे पाप स्वतःच्या हातानं नको होतं, एवढंच.

प्रिस्किलानं आपला फोन त्याच्यापुढे सरकवला.

“तुम्हीच काढा,” ती म्हणाली. सहा महिन्यांनी तिनं त्याला ‘तुम्ही’ म्हटलं होतं. “पण त्याआधी काकांना सांगा, ही चावी मला कशासाठी दिली होती?”

त्यानं वर पाहिलं. ओठ हलले… तेवढ्यात तिला वाटलं, बोलेल. अजूनही बोलेल. सगळं मोडून पडलं तरी चालेल, बोलू दे.

“फोन बंद पडे म्हणीसन,” तो म्हणाला, आणि फोनवर अंगठा टेकवला.

चावी गेली. बन्सीलालनी समाधानानं मान हलवली. “लगीनले येजो बरं का, बेटा. आईले लईसन येजो.”

“नाही येणार, काका.”

“काबरं?”

“तो माझ्याशी लग्न करणार होता.” ती स्टुलावरून उठून उभी राहिली. “दिवाळीनंतर तुम्हाला सांगणार होता. माझी शपथ घेतली होती त्यानं. मी आलेलं स्थळ परत पाठवलं.”

“आबा, काहीबी बोली ऱ्हायनी ती,” भूपेंद्र घाईनं म्हणाला. “दुकानवाली शे.”

बन्सीलालनी मुलाकडे पाहिलं. म्हातारा काही खुळा नव्हता. कोण खरं बोलतंय ते त्यांना कळलं, आणि कळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. प्रिस्किलाला क्षणभर आशा वाटली की हा माणूस आता त्याचे कान उपटेल, निदान चार शब्द तरी सुनावेल.

त्यांनी दुकानाची पाटी पाहिली. ‘प्रिस्किला मोबाइल.’ ती त्यांनी सावकाश वाचली. मग काचेवरची पत्रिका दोन बोटांनी ओढून घेतली आणि पिशवीत परत ठेवली.

“हाई गोट कोनले सांगजो नको, बेटा,” हात जोडून ते म्हणाले. आवाज अजूनही तसाच मऊ होता. “तुन्हीच बदनामी व्हई.”

“माझी कशी होईल? मी काय चुकीचं केलं?”

“चाल भूपेंद्र, टाइम व्हयना,” असं म्हणत ते गाडीकडे वळले. भूपेंद्र त्यांच्याही आधी जाऊन बसला होता.

गाडी नवापूरच्या रस्त्याला लागली. शेजारच्या चहावाल्यानं विचारलं, “काय झालं गं?” प्रिस्किलाचा हात शटरकडे गेला होता. तो तिनं खाली घेतला. सहा महिने तिनं जे काही केलं ते आईखेरीज सगळ्यांपासून गुपचूप केलं होतं, त्याच्या शब्दाखातर. आता ती आपल्या स्टुलावर बसली आणि उघड्या दुकानात, भर चौफुलीवर, सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडली.