तक्तपोशीवरची धूळ

छप्पर बदलायचं तर आठवडाभर घर रिकामं करा, असं मिस्त्री पहिल्याच भेटीत म्हणाला होता. आम्ही ते केलं नाही. माझी मेव्हणी दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिने एक खोली झाडूनपुसून तयारही ठेवली होती. पण आमची नऊ वर्षांची लेक, बिट्टी, घराबाहेर झोपायचं नाव काढेना. गेल्या वर्षी ती फार आजारी होती. तेव्हापासून तिने नाही म्हटलं की तिला हो म्हणायला लावायची या घरात कुणाची छाती होत नाही, माझी तर मुळीच नाही. ती जरा खोकली तरी माझा जीव टांगणीला लागतो. बायको हसते मला, आणि मग स्वतःच उठून तिच्या कपाळाला हात लावून येते.

तर आम्ही घरातच राहिलो. कौलं काढून पत्रे घालायचे होते. कौलांच्या खाली आणि आमच्या डोक्यांच्या वर लाकडी फळ्यांची तक्तपोशी आहे, ती तशीच राहणार होती. त्यामुळे खोलीत बसून आकाश दिसायची भीती नव्हती. बाकी सगळे हाल होते. सकाळी सातपासून डोक्यावर ठोकाठोक. चहाच्या कपावर बशी झाकून तो प्यायचा, म्हणजे घोट घेताना बशी उचलायची आणि लगेच ठेवायची. बायको ओटा पुसून मागे वळायची तोवर त्यावर पुन्हा लाल भुगा. एकमेकांशी ओरडून बोलायची इतकी सवय झाली की ठोकणं थांबलं तरी आम्ही ओरडतच होतो.

मी वजनमापांचा तपासनीस आहे. बाजारातले काटे, वजनं, लिटरची मापं तपासायची आणि बरोबर असली तरच शिक्का मारायचा, हे माझं काम. खिशात कायम पोलादी फूटपट्टी असते. बायको सगळ्यांना सांगते की लग्नाआधी मी तिची उंची मापून घेतली होती. हे खोटं आहे, लग्नानंतर मापली. पण बावीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकलोय. कुठेही तपासणीला जायचं ते समोरच्याने झाडझूड करण्याआधी. नंतर गेलात तर जे त्याला दाखवायचंय तेवढंच तुम्हाला दिसतं.

म्हणूनच तिसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला मी शिडीला हात घातला. मागच्या उतारावरची, म्हणजे झोपायच्या खोल्यांवरची कौलं उतरवून झाली होती. वर मिस्त्री हातात खराटा घेऊन उभा होता.

“साहेब, आधी आम्हाला झाडू द्या,” तो म्हणाला. “मग खुशाल या.”

झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. वाळवी लागलेला वासा असणार, नाहीतर तडकलेली तुळई. मी म्हटलं, मला आत्ताच बघायचंय. तो आणखी काही बोलणार होता, पण मी वर पोचलो होतो. त्याने आपल्या दोन्ही माणसांना पत्रे आणायच्या निमित्ताने खाली पाठवलं, आणि मला म्हणाला, पाय तुळईवरच ठेवा.

वासे ठणठणीत होते. तुळयाही. मी जरा ओशाळलो. मग तक्तपोशीकडे पाहिलं.

या पोकळीत शिरायला दार नाही, झरोका नाही. घर बांधलं त्याला चाळीस वर्षं झाली. तेवढ्या काळात इथे कुणी आलेलं नव्हतं आणि फळ्यांवर राखाडी, गुळगुळीत धूळ साचली होती. सवयीने मी तिच्यात फूटपट्टी रोवली. तेरा मिलिमीटर. कौलांचा ताजा चुरा तिच्यावर इथेतिथे सांडला होता, तो वेगळा कळत होता.

त्या धुळीत दोन जागा स्वच्छ होत्या. एकीशेजारी एक. नुसत्या स्वच्छ नाही, लाकूड तिथे घासून घासून चकाकत होतं. मी आधी मांजर म्हटलं, मग घूस म्हटलं. मग मापलं. एक पाच फूट सात इंच, दुसरी पाच फूट एक इंच. माझी उंची आणि बायकोची उंची. एका टोकाला डोक्याएवढी गोलाई, मग खांदे, खाली निमुळती होत गेलेली. कुणीतरी तिथे पालथं पडून असावं तशी. खाली नेमकी आमची खाट होती.

मी फूटपट्टी शर्टाला पुसली.

“ही खाट आम्ही दोन महिन्यांपूर्वीच इथे आणली,” मी म्हणालो. “भिंतीपाशी गळायचं म्हणून.”

मिस्त्रीने खराट्यानेच भिंतीकडे दाखवलं. तिथे तशाच दोन जागा होत्या, फक्त त्यांच्यावर आता अगदी पुसटशी धूळ होती.

“प्रत्येक घरात असतं साहेब,” तो हळू आवाजात म्हणाला. “जिथे माणूस झोपतो त्याच्या वर. खाट हलली की हेही हलतं. माझा बाप हेच काम करायचा, तोही आधी झाडायचा आणि मगच मालकाला बोलवायचा. काय आहे ते मला विचारू नका. मला ठाऊक नाही.”

मी विचारलंही नाही. पलीकडच्या खोलीवर मला आणखी एक जागा दिसली होती. चार फूट दहा इंच. ही माझ्या आईची खोली होती आणि आईला जाऊन तीन वर्षं झालीत. तिच्या जागेवर धूळ होती. मी वाकून फूटपट्टी लावली. एक मिलिमीटर. चाळीस वर्षांत तेरा, म्हणजे तीन वर्षांत एक. हिशेब चोख बसला. माणूस गेल्या दिवसापासून धूळ साचायला लागते, एवढंच त्यातून निघत होतं.

हे माझ्या डोक्यात नीट उतरायच्या आत मी बिट्टीच्या खोलीकडे वळलो होतो. मिस्त्री “साहेब, तिकडे नको” म्हणाला, हे मला नंतर आठवलं.

जागा होती. तीन फूट अकरा इंच.

तिच्यावर धूळ होती.

मी तुळईवर बसलो. आईच्या जागेवर होती तिच्या निम्म्याहून कमी, पण बोट फिरवलं की रेघ उमटेल इतकी धूळ. आणि खाली अंगणात बिट्टीचा आवाज येत होता. तिच्या आईबरोबर कौलांचे तुकडे घमेल्यात भरताना ती मोठमोठ्याने मोजत होती.

मग एकाएकी माझ्या लक्षात आलं आणि मी जवळजवळ हसलो. तिची खाट तिथे नाहीच आता. ती खिडकीखाली आहे. मी वाकून बायकोला विचारलं, बिट्टीची खाट आपण कधी सरकवली?

“पोरीला दवाखान्यातून आणलं त्या दिवशी,” ती खालून म्हणाली. “तिलाच खिडकीपाशी हवी होती. का हो? तिथे काय गळतंय का?”

नाही म्हटलं. चौदा महिने झाले त्याला. चौदा महिन्यांची धूळ बरोबर एवढीच हवी. मेंदूज्वर झाला होता पोरीला. अकराव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आता तिच्या आईला आत घेऊन या, उशीर करू नका. आम्ही दोघं आत गेलो तर बिट्टी उठून बसली होती आणि पाणी मागत होती. आम्ही तिला घरी आणलं, खाट सरकवली, जुनी जागा रिकामी पडली. इतकं सरळ होतं सगळं. म्हणजे नवी जागा खिडकीच्या वर असणार. चौदा महिन्यांची, लख्ख चकाकणारी.

मी तुळईवरून तिकडे गेलो.

खिडकीच्या वर धूळ होती. अखंड. कुठे बोटाची रेघ नाही.

फूटपट्टी रोवली. तेरा मिलिमीटर.

मी दुसऱ्या ठिकाणी रोवली. तिसऱ्या. मिस्त्री माझ्याकडे बघत नव्हता. तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

रोज रात्री मी तिला पांघरूण घालतो. ती लाथेने काढते, मी पुन्हा घालतो. तिचे पाय गरम असतात. पहिल्या दिवशी दवाखान्यात तिची उंची लिहून घेतली होती, ती तीन फूट अकरा होती. आता ती त्याहून उंच आहे, वर्गात शेवटून दुसरी बसते. कालच माझ्या पाठीवर बसून ती माझे पांढरे केस उपटत होती. मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. एवढंच सांगतो की भीती वाटली, आणि ती तिची नाही वाटली, तिच्यासाठी वाटली. कुणीतरी कधीतरी तपासायला येईल आणि इथे काही नाही हे त्याला दिसेल, याची.

“मला फडकं द्या,” मी म्हणालो.

मिस्त्रीने खांद्यावरचं फडकं काढून दिलं.

बावीस वर्षांत मी एकही खोटं माप पास केलेलं नाही. मी गुडघे तुळईवर टेकले, फूटपट्टीने खुणा केल्या. डोकं, खांदे, मग निमुळतं खाली. तीन फूट अकरा इंच, तेवढंच मला पाठ होतं. आतली धूळ पुसली आणि फडक्याने लाकूड घासायला लागलो. घाम डोळ्यांत जात होता. दंड भरून आले. लाकूड हळूहळू चमकायला लागलं.

अंगणातलं मोजणं थांबलं होतं. कधीपासून, ते मला कळलं नाही.

“बाबा,” बिट्टी म्हणाली, “अजून तीन बोटं. मी वाढलेय ना.”

तक्तपोशी खोलीच्या जमिनीपासून अकरा फूट उंच आहे. फळ्यांमध्ये फट नाही. आवाज माझ्या तळहाताच्या लगेच खालून आला होता, फळीला तोंड लावून बोलावं तसा.

मी फूटपट्टी खिशात टाकली आणि आणखी तीन बोटं पुसायला घेतली.