निळ्या पायांचं कबुतर

“पहिला झोका माझा!” जिर्जी दोरीला लोंबकळत ओरडला.

“तुझा कसा? ईद आमची, झोका आमचा!” हिबाने त्याचा सदरा धरून ओढला.

“अस्सं? आणि ईस्टरला माझी रंगीत अंडी कोणी फस्त केली?”

“ती नोमानने!”

“नोमानने टरफलं खाल्ली. अंडी तू खाल्लीस!”

हलब शहरात ईदचा दुसरा दिवस होता. मकतबला, म्हणजे मशिदीतल्या शाळेला, सुट्टी. किल्ल्याच्या पायथ्याशी झोके टांगलेले, खजूर भरलेल्या माअमूल बिस्किटांचा तुपकट वास हवेत, आणि नव्या कपड्यांतली पोरं सगळीकडे उधळलेली. या तिघांचं सकाळपासून ठरलेलं होतं. आधी झोका, मग सरबत, मग पुन्हा झोका. पण नोमानचा पत्ता नव्हता. शेवटी तो आला तो मान खाली घालूनच.

“काय झालं रे? आजोबांनी कान पिळले?” जिर्जीने विचारलं.

“नाही.” नोमान झोक्याच्या पाटावर बसला, पण त्याने झोका घेतला नाही. “उद्या सकाळी आजोबा, इमामसाहेब, हाजी शिहाब आणि आणखी काही जण काझीकडे जाणार आहेत. कद्दूरकाकांना मोहल्ल्याबाहेर काढायला.”

नोमानचे आजोबा शेख तालिब म्हणजे मोहल्ल्याचे प्रमुख. सकाळी बैठकीत कॉफी देताना नोमानने सगळं ऐकलं होतं. हाजी शिहाबांच्या गच्चीवर त्यांच्या मुलीच्या लग्नाचं सोनेरी काठाचं पांढरं रेशमी कापड उन्हात पसरलं होतं. ईदच्या आदल्या दिवशी ते गायब झालं. शेजारची गच्ची कद्दूरकाकांची. ते दिवसभर तिथे कबुतरं उडवत असतात. एवढ्यावर सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता!

“पण काकांनी सांगितलं ना, की कापड वाऱ्याने उडालं म्हणून!” हिबा म्हणाली.

“कबुतरबाजाचं कोण ऐकतं? त्यांची साक्ष काझीसुद्धा घेत नाहीत. म्हणे ही माणसं गच्चीवरून लोकांच्या अंगणात डोकावतात आणि दिवसभर थापा मारतात.”

“आपली साक्ष?”

“पोरांची? त्यापेक्षा माझ्या गाढवाची घेतील,” जिर्जी म्हणाला. कुणी हसलं नाही.

झोका तसाच सोडून तिघं कद्दूरकाकांच्या घराकडे पळाली.

काका गच्चीवर वेताची टोपली विणत बसले होते. बाजूला तशाच दोन टोपल्या तयार होत्या. त्यांच्या डोक्यावर एक कबुतर आरामात बसलं होतं आणि काकांच्या ते गावीही नव्हतं.

“या पोरांनो, ईद मुबारक! बसा. त्या कोपऱ्यात नको, तिथे अंडी आहेत.”

“काका, टोपल्या कशाला?” हिबाने विचारलं, पण तिला उत्तर माहीत होतं.

“यांना घालून न्यायला.” काकांनी वेताची काडी दाताने तोडली. “माझं काय, एक चटई उचलली की झालं. पण यांचं कठीण आहे गं. कुठेही नेलं तरी टोपली उघडली की ही परत इथेच येणार. या गच्चीवर. आणि इथे दाणे टाकायला कुणी नसेल.”

हिबा दुसरीकडे बघू लागली. तेवढ्यात पंखांची फडफड झाली आणि एक शुभ्र कबुतर कठड्यावर उतरलं.

“आली बघा महाराणी!” काका म्हणाले. “हिचं नाव सुक्कर. अख्ख्या थव्यात हिच्याइतकी आळशी कोणी नाही. बाकीची आकाशात घिरट्या घालतात, ही मध्येच कुठेतरी तिच्या ठरलेल्या जागी उतरून ऊन खाते.”

“काका, हिचे पाय बघा!” जिर्जी ओरडला.

सुक्करचे गुलाबी पाय निळे झाले होते. पोटाखालची पिसंही निळी!

काकांनी तिला हळूच उचललं आणि पायावरून बोट फिरवलं. “काल संध्याकाळीच अशी आली. धुऊन पाहिलं, निघत नाही.”

“नीळ आहे,” हिबा म्हणाली. “रंगाऱ्यांची नीळ. धुऊन निघायची नाही.” तिचा मोठा भाऊ दरवीश रंगाऱ्याकडे काम करायचा. वडील गेल्यापासून घर त्याच्याच हातांवर चाललं होतं. नीळ तिला ओळखावी लागत नसे.

नोमान ताडकन उभा राहिला. “थांबा, थांबा! म्हणजे ही ओल्या निळ्या कापडावर बसली. पण ईदच्या सुट्टीत सगळे रंगारी बंद आहेत! मग काल कापड कोणी रंगवलं?”

“आणि ते हाजींचंच पांढरं कापड असेल तर निळं का केलं?” जिर्जीने चुटकी वाजवली. “ओळखू येऊ नये म्हणून!”

“काका, सुक्करला सोडा! ती आपल्याला तिथे नेईल!” दोघं एकदमच म्हणाले.

काकांनी हिबाकडे पाहिलं, मग सुक्करकडे. “राहू दे ना पोरांनो,” ते हळूच म्हणाले. “सणाचे दिवस आहेत. खेळा जा.”

“तुम्हाला घालवून देतील आणि आम्ही खेळू?” हिबा जवळजवळ रडत ओरडली.

काकांनी सुस्कारा टाकला आणि हात वर करून सुक्करला उडवलं.

मग काय धावपळ! वर सुक्कर, खाली तिघं. मान वर करून धावायचं म्हणजे खाली काय येईल याचा नेम नाही. जिर्जी एका सरबतवाल्यावर आदळला, नोमान एका मेंढीवर.

“आंधळा आहेस का?” सरबतवाला खेकसला.

“नाही चाचा, उलट फार लांबचं बघतोय!” जिर्जी पळता पळता म्हणाला.

शहराच्या वेशीवरचा अंताकिया दरवाजा मागे पडला. नदीकाठी रंगाऱ्यांची अंगणं सुरू झाली. सगळ्या दारांना कुलपं. सुक्करने एक गिरकी घेतली आणि एका बुटक्या छपरावर उतरली. शेजारी तुतीचं झाड होतं. जिर्जी माकडासारखा वर चढला.

“आहे! आहे! कापड आहे! निळं, सोनेरी काठाचं! आणि त्यावर कबुतराची पावलं उमटलीत! सापडला चोर! हिबा, वर ये, बघ तरी!”

हिबा वर आली नाही. ती अंगणाच्या दाराकडे बघत उभी होती. हे दार तिने कितीदा तरी पाहिलं होतं. भावाचा डबा घेऊन ती इथेच तर यायची. सुट्टीत या दाराची चावी कुणाकडे असते, तेही तिला माहीत होतं. ईदच्या आदल्या दिवशी तिने स्वतः लिंबू आणि वाळू घेऊन दरवीशचे हात घासघासून गोरे केले होते. आणि आज सकाळी माअमूल उचलताना ते हात पुन्हा निळे होते.

“हिबा?” नोमानने तिच्या खांद्याला हात लावला. मग त्यालाही दार आठवलं. जिर्जी झाडावरून उतरला आणि दार बघून त्यालाही कळलं.

“तुम्ही सांगणार?” हिबाने विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघू लागले.

“एक ऐक,” नोमान सावकाश म्हणाला. “मी आजोबांकडून ऐकलंय. मोहल्ल्यातल्या मोहल्ल्यात कबुली दिली, माल परत केला, तर हाजी माफ करू शकतात. पण एकदा काझीसमोर गेलं की सुभ्याच्या पाशाची माणसं मध्ये पडतात. मग कुणाच्या हातात काही राहत नाही. म्हणून दरवीशभाईंनी स्वतः यायला हवं. उद्या सकाळी, सगळे निघायच्या आत.”

हिबाने मान हलवली.

घरी आई शेजारी गेली होती. दरवीश अंगणात बसून नव्या जोड्यांना तेल लावत होता. पुढच्या महिन्यात त्याचं जमीलाशी लग्न होतं.

“दादा,” हिबा म्हणाली, “छपरावरच्या कापडावर कबुतराची पावलं उमटलीत.”

त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं.

“मी चोरलं नाही गं,” तो म्हणाला. “गल्लीत पडलं होतं. वाऱ्याने आलेलं. परत द्यायला म्हणूनच उचललं मी. मग हातात इतकं मऊ लागलं... वाटलं, जमीलाच्या अंगावर असलं कापड कधी येणार? एक दिवस ठेवलं. मग आरडाओरडा झाला आणि द्यायची हिंमतच होईना.”

“आणि कद्दूरकाका?”

“मला फलक्याला बांधतील हिबा! पाय वर बांधून तळव्यांवर छड्या! कारागिरांच्या जमातीतून काढतील. मग तुम्ही दोघी काय खाल?”

“ते मला माहीत नाही,” हिबा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलत नव्हता. “पण काका टोपल्या विणतायत दादा. त्यांनी कुणाचंच काही घेतलं नाही.”

दरवीशने निळ्या हातांत तोंड लपवलं. हिबा त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. वडील गेले तेव्हा त्याने तिच्या पाठीवरून असाच हात फिरवला होता.

सकाळी तिला जाग आली तेव्हा दरवीशचं अंथरूण रिकामं होतं. नवे जोडेही नव्हते.

“पळाला?” हिबाने गल्लीत येऊन सांगताच जिर्जीने घाबरून विचारलं.

“माझा दादा पळणार नाही!” हिबा म्हणाली. पण ती दोघांच्या पुढे धावत सुटली.

शेख तालिबांच्या घरी मंडळी जमली होती. आत कॉफी चालली होती, बाहेर उंबऱ्यापाशी जोड्यांची रांग लागली होती. पिवळे जोडे, लाल जोडे, इमामसाहेबांचे टाचा झिजलेले जोडे. कॉफी संपली की मंडळी निघणार!

“थोडा वेळ तरी मिळायला हवा,” नोमान कुजबुजला. “आजोबांना थांबवायचं कसं?”

जिर्जी जोड्यांकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. “मला सांगा, अनवाणी माणूस काझीच्या दरबारात जातो का?”

पुढच्या क्षणाला तिघांचे हात भराभर चालू लागले.

“चला तर,” आतून शेख तालिबांचा आवाज आला. पडदा सरकला. आणि मग...

“माझे जोडे!”

“माझेही नाहीत!”

“हा एक सापडला! नाही, हा तुमचा. अहो हाजी, माझ्या जोड्यात तुमचा पाय घालू नका!”

“नोमान! कुठे गेला तो कार्टा? नोमान!”

इमामसाहेब एका पायावर उभे होते. हाजी शिहाब कठड्याखाली वाकून बघत होते आणि त्यांची पगडी घरंगळत विहिरीकडे चालली होती. अंगणाच्या कोपऱ्यातल्या पडद्यामागे जिर्जी तोंडात सदरा कोंबून हसू दाबत होता. हिबा मात्र दरवाजाकडे डोळे लावून होती. ये ना दादा. ये ना रे!

आणि दरवाजातून दरवीश आत आला. हातात घडी केलेलं निळं कापड. त्याच्या शेजारी कद्दूरकाका, अजून अंगावर कबुतरांची पिसं चिकटलेली.

“पहाटे मी काकांकडे गेलो होतो,” दरवीश म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “आधी त्यांची माफी मागायला. आता तुमची मागतो. हाजी, कापड मी ठेवलं होतं. काकांचा काही संबंध नाही. मला काय शिक्षा द्यायची ती द्या.”

हाजी शिहाबांनी कापड उलगडलं. निळ्या रेशमावर कबुतराची नाजूक फिकट पावलं उमटली होती. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू उतरला.

“गच्चीवर दगड ठेवून दाबायला मीच विसरलो होतो,” ते पुटपुटले. “वारा होता खरा.”

“आणि आम्ही विचारलंसुद्धा नाही,” इमामसाहेब म्हणाले. ते अजून एका पायावरच होते.

शेख तालिबांनी दाढीवरून हात फिरवला. मग निवाडा तिथेच झाला. पुढच्या ईदपर्यंत हाजींच्या घरचं सगळं कापड दरवीशने मोबदला न घेता रंगवायचं. हाजींनी माफ केलं. काझीपर्यंत जायचं कारण उरलं नाही.

हिबा पडद्यामागून बाहेर धावली आणि भावाला घट्ट बिलगली. तिच्या हातातून एक पिवळा जोडा धप्पकन खाली पडला.

“अच्छा!” शेख तालिब गरजले. “म्हणजे हे तुमचे उद्योग!”

नोमान आणि जिर्जी कान धरून पुढे आले. मग एकाच दमात सगळं सांगून झालं. सुक्कर, निळे पाय, तुतीचं झाड, मेंढीसुद्धा! शेख तालिबांनी कपाळाला आठ्या घालून ऐकून घेतलं. पण आठ्या काही फार वेळ टिकल्या नाहीत.

“मोहल्ल्याची पगडीधारी माणसं आम्ही,” ते म्हणाले, “आणि डोकी चालवली यांनी! शाब्बास पोरांनो. जोडे मात्र आणा आता.”

“मकतब उघडल्यावर यांच्याकडून पाठ म्हणवून घेणार होतो,” इमामसाहेब म्हणाले, “ते एक दिवस माफ.”

“एकच दिवस?” जिर्जी म्हणाला. तो तर त्यांच्या मकतबमध्ये जातही नव्हता!

मग शेख तालिब कद्दूरकाकांकडे वळले. “भाई, तुमच्यावर अन्याय झाला. काय भरपाई द्यावी सांगा.”

काकांनी सदऱ्यावरचं एक पीस काढलं. “ईद अजून संपलेली नाही,” ते लाजत म्हणाले. “या पोरांशिवाय यंदा माझ्या घरी ईदच्या भेटीला कुणी आलं नाही. कॉफी आहे माझ्याकडे. साखर थोडी कमी आहे.”

सगळी मंडळी निघाली. जोडे सापडेपर्यंत थांबायचंही कुणाला सुचलं नाही. इमामसाहेब, हाजी, शेख तालिब, सगळे तसेच अनवाणी गल्लीतून चालत गेले आणि मोहल्ला दारातून बघत राहिला.

गच्चीवर कॉफीचा घमघमाट सुटला. हाजी शिहाबांच्या मांडीवर सुक्कर येऊन बसली आणि त्यांनी तिला हाकललं नाही. हिबा काकांना कप धुवायला मदत करत होती. तिने हळूच विचारलं, “काका, खरं सांगा. तुम्ही इथूनच बघत होता ना? खाली गल्लीत कापड कोणी उचललं, ते तुम्हाला माहीत होतं?”

काका कप पुसत राहिले.

“वारा पाहिला मी,” ते म्हणाले. “आणि वाऱ्याखाली एक पोरगा. बापाविना घर चालवणारा. म्हटलं, आणेल परत. जरा उशीर झाला, एवढंच.”

हिबाने त्यांच्या हातातला कप घेतला आणि सगळ्यांत आधी दरवीशला नेऊन दिला.