उलटा चालणारा गाईड

तो उलटा चालत आला आणि थेट निशाच्या चहावर आदळला. स्पॅनिशच्या क्लासचा तो पहिलाच दिवस... अर्धा चहा तिच्या ओढणीवर, अर्धा त्याच्या शर्टावर!

"सॉरी मॅडम! सवयच आहे हो... वेरूळला गाईड आहे मी. पाहुण्यांकडं तोंड करूनच चालावं लागतं."

हा पडेगावचा संघपाल. निशा पुंडलिकनगरची, एका हॉटेलात रिसेप्शनला. दोघं मिळून अभ्यास करू लागले आणि निशाची पंचाईत सुरू झाली. विद्यापीठाच्या रस्त्यानं संघपाल तिच्यापुढं उलटा चालत उजळणी घ्यायचा, आणि सगळा वेळ तिच्या डोळ्यांत बघायचा. आता ही नजर खास तिच्यासाठी, की सगळ्या पाहुण्यांना मिळते तीच? बाई गं! तिला तर काहीच उमगेना.

उद्या परीक्षा. मग क्लास संपणार, भेटायचं निमित्तही संपणार. जे काय ते आजच कळायला हवं होतं.

"पाण्याला उपपद?" मागं न बघता खड्डा चुकवत त्यानं विचारलं.

"ला... नाय, एल! एल आग्वा."

"आणि थंड पाणी?"

"एल आग्वा... फ्रिओ?"

"फ्रिआ! उपपद पुरुषाचं असलं तरी विशेषण बाईचंच. लक्ष कुठंय तुझं?"

लक्ष त्याच्या केसांत अडकलेल्या कडुनिंबाच्या फुलावर होतं. काढावं का? की नको...?

"संघपाल, पाहुण्यांकडं पण असंच बघतोस?"

"व्हय. नायतर माणसं हरवतेत ना."

झालं! म्हणजे आपणही त्या पाहुण्यांतलीच एक. तिनं पुस्तक मिटलं. "पुरे आता. मला काय येत नाय," म्हणत ती त्याला ओलांडून तरातरा निघाली. इतका आवडावा का कुणी, तेही असं खुळ्यासारखं!

मागून पावलं वाजली. संघपाल तिच्या शेजारी येऊन चालू लागला, चक्क सरळ. आणि दुसऱ्याच क्षणी ठेचकाळला.

रडू येता येता निशाला हसू फुटलं. "आता कामून सरळ चालायलास?"

"तू रुसलीस म्हणून." तो रस्त्याकडे बघत म्हणाला. कान मात्र लालेलाल. "वेरूळला उलटं चालणं माझं काम आहे, निशा. इथं कुणी सांगितलंय? शेजारून चाललो तर... तुझं तोंड नीट दिसत नाय."

निशा थांबली. इतके दिवस डोक्यात नुसता गोंधळ, आणि उत्तर हे असं समोरच चालत होतं!

"परीक्षा झाल्यावर?" तिनं हळूच विचारलं.

"परवा पण येईन. तेरवा पण... तू म्हणशील तर."

तिनं हात वर करून त्याच्या केसांतलं फूल काढलं आणि मुठीत धरून ठेवलं.

"मग फिर की मागं."

"कामून?"

"चाल उलटा," ती म्हणाली. "मला पण तुझं तोंड दिसत नाय."