पाठीवरची बटणपट्टी

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. ही माझ्या मावशीची गोष्ट आहे आणि मावशीला खोटं बोलता येत नाही. घडलं तेही भर दुपारी, तिच्या शिवणाच्या खोलीत. दार उघडं होतं, बाहेर लख्ख ऊन होतं.

मावशीने उभी हयात इस्पितळाच्या शिवणखोलीत काढली. अंथरुणाला खिळलेल्यांचे सदरे ती शिवायची. त्यांची बटणपट्टी पाठीवर असते. ज्याला उठून बसता येत नाही, त्याच्या हातांत समोरून बाह्या चढवायच्या आणि मागे बटणं लावायची. निवृत्त झाली तेव्हा म्हणाली, "सुटले बाई. आता पोरासाठी शिवेन, पट्टी समोर असलेलं."

तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसदादा, त्या संध्याकाळी मोटरसायकलवरून घरी येणार होता. त्याच्यासाठी तिने निळा सदरा बेतला. पुढच्या भागाला गळ्यापासून खालपर्यंत चीर दिली, पट्टी जोडली, टीप मारली. पट्टी इतकी सुरेख बसली की मावशी स्वतःवरच खूश झाली.

मग ती दोरीवरचे कपडे काढायला अंगणात गेली.

आत मशीन चालू झालं…

घरात दुसरं कोणी नव्हतं.

ती धावत आत आली. मशीनचं चाक अजून फिरत होतं. सदऱ्याचा पुढचा भाग सलग होता. चीर नाही, टाका नाही, सुईचं भोकसुद्धा नाही. आणि पट्टी…

पाठीवर.

"म्हातारपण, दुसरं काय," ती स्वतःशी म्हणाली. पुढचा गळा खोल आणि मागचा उथळ, हे तिला झोपेतही कळलं असतं. तरी तिने चूक आपल्याच पदरात घेतली. पाठ उसवली, उरलेल्या कापडातून नवी कापली, पुढे पुन्हा चीर दिली, पुन्हा पट्टी लावली. या वेळी ती जागची उठली नाही. सदरा मांडीवर, दोन्ही हात सदऱ्यावर.

घाम पुसायला तिने एक हात उचलला…

कापडाखालून काहीतरी सरकलं.

पट्टी पुन्हा पाठीवर. आणि टीप तिचीच होती. शेवटी दोन टाके उलटे घ्यायची तिची खोड, तीसुद्धा तिथे होती.

तिने दादाला फोन लावला. तो निघायच्या तयारीत होता.

"आज येऊ नकोस."

"का गं?"

"सदऱ्याची पट्टी पाठीवर जातेय."

तो खळखळून हसला. "पट्टी उलटी लागली म्हणून मी घरी येऊ नको? उसव की."

"उसवून झालं रे."

"मग आल्यावर दोघं मिळून उसवू. निघतो."

त्याने फोन ठेवला. मावशी तरी काय सांगणार? तिचं तिलाच पटत नव्हतं. तिने सदरा टाका न् टाका उसवला, तुकडे ट्रंकेत घातले, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून बसून राहिली.

मशीन तिच्या डोळ्यांसमोर बंद होतं. आवाज येत होता तो ट्रंकेतून…

पुढचा फोन इस्पितळातून आला.

दादा वाचला. पण मानेखाली काही हलत नाही. घरी आणला तेव्हा त्याला एकही सदरा चढेना. शेवटी मावशीने ट्रंक उघडली. आत निळा सदरा होता, अख्खा, घडी घातलेला. पट्टी पाठीवर, बटणं लावलेली.

तिने तो त्याला घातला. अगदी मापात बसला.

तेव्हापासून मी गेलो की मावशी मला जवळ घेते आणि माझ्या पाठीवरून हात फिरवते, कॉलरपासून थेट खाली. बघणाऱ्यांना ती माया वाटते. हात खाली पोचला की तिचा श्वास सुटतो, आणि माझाही.

परवा तिचा हात मध्येच थांबला…

"काय गं, मावशी?"

"काही नाही," ती म्हणाली. पण हात काढेना.

माझी मोटरसायकल तिच्याच अंगणात ठेवून मी चालत घरी आलो. शर्ट काढून बघायचा धीर अजून झालेला नाही.