काळ्या पिठाचा व्यापार

रत्नागिरीच्या राजिवड्यात गफूर वस्तांच्या बेकरीत सकाळची तिसरी लादी भट्टीबाहेर आली, तेव्हा धुराड्यातून धूर येत नव्हता. गेली नऊ वर्षं तो कधी आलाच नव्हता. एका नळीतून काळसर भुकटी, गावाच्या भाषेत काळं पीठ, भट्टीच्या पोटात फुंकली जात होती. आत शिरताच ती नारिंगी ज्योत होऊन पेटायची आणि खालच्या खणात लालभडक राख साचायची. लोक तिला राख म्हणत. खरं तर तो गंज होता.

सुलभा मयेकर पाव घ्यायला आल्या की आधी तो खण ओढून बघत.

"बाई, जरा पावाकडंही बघा," गफूरभाई म्हणाले.

"पाव चांगलाच असणार. गंज सगळा एकसारखा लाल आहे, म्हणजे पीठ पुरतं जळलंय. मध्ये काळे ठिपके दिसले की मला कळवा."

बेकरीबाहेर गंजाची गोणी बांधून ठेवलेली होती. थोड्या वेळानं 'तारू' कंपनीची गाडी येणार, गंजाची गोणी उचलणार आणि काळ्या पिठाची ठेवणार. गल्लीतल्या पोरांना यात नवल वाटत नव्हतं. त्यांच्या जन्मापासून हे असंच चाललं होतं.

लोखंड गंजतं तेव्हा उष्णता बाहेर पडतेच, पण इतकी सावकाश की कुणाच्या लक्षात येत नाही. तेच लोखंड पिठासारखं दळून हवेत उडवलं, तर अनेक वर्षांचं काम क्षणात उरकतं. आणि गंजातला ऑक्सिजन काढून घेतला की हातात पुन्हा लोखंड. रसायनशास्त्रात याला क्षपण म्हणतात. त्यासाठी हायड्रोजन लागतो. तो पाण्यापासून मिळतो, आणि पाणी फोडायला सूर्याची वीज पुरते. म्हणजे जळतं ते ऊन. लोखंड नुसतं ते वाहून नेतं.

कागदावर हे सोपं होतं. गंजाचं पुन्हा लोखंड करणाऱ्या भट्टीत मात्र दाणे तापून एकमेकांना चिकटत आणि पिठाची ढेकळं होत. एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत सुलभाताईंनी या ढेकळांशी अकरा वर्षं झुंज घेतली आणि शेवटी प्रत्येक दाण्यावर मातीचा केसाहूनही पातळ लेप चढवायची युक्ती काढली. वरिष्ठांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, "गंज कोण विकत घेणार?" बाईंनी राजीनामा दिला, गावी परतल्या आणि मिरजोळ्याच्या एका शेडमध्ये पिंपाएवढी भट्टी उभी केली.

तिथंच एक दिवस इक्बाल होडेकर आले. तीस वर्षं तेलवाहू जहाजांवर इंजिनिअर म्हणून काढलेला हा माणूस. निवृत्तीनंतर घरात बसवत नव्हतं म्हणून गावभर फिरायचा. त्यांनी भट्टी बघितली आणि एकच प्रश्न विचारला.

"हे पीठ भरून गेलेलं जहाज येताना रिकामं येईल?"

"रिकामं कसं? येताना जास्त जड. एक किलो पिठाचा जवळजवळ दीड किलो गंज होतो."

इक्बालभाई शेजारच्या पिंपावर बसले. "बाई, तीस वर्षं मी रिकामी जहाजं परत आणली, पोटात समुद्राचं पाणी भरून. तुम्ही मला दोन्ही बाजूंनी भरलेलं जहाज देताय. तुम्हाला कळतंय ना, काय देताय ते?"

सुलभाताईंना ते खरंच कळलं नव्हतं. त्यांना भट्टी कळत होती. समुद्र इक्बालभाईंना कळत होता.

'तारू' सुरू झाली ती चार खुर्च्या आणि एका बेकरीवर. मग काजूचे कारखाने आले. तिसऱ्या वर्षी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या मवेनी बेटांना पहिलं जहाज गेलं. येताना गंज जड होणार म्हणून जाताना जहाज पूर्ण भरता यायचं नाही. इक्बालभाईंनी त्या मोकळ्या जागेत तांदूळ, कांदा, सिमेंट भरलं, आणि इंधनाच्या कंपनीला बघता बघता मालाचा व्यापारही जडला. परतताना गंजाच्या थैल्यांवर लवंगेची पोती यायची. दुसऱ्या फेरीत सहाशे टन पिठाला ओल लागली. बेटावर ते कुणाला कळलंही नव्हतं. इक्बालभाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, "हे जाळू नका, नीट पेटणार नाही," आणि नवा माल पाठवला. त्या एका फोनचा बोलबाला बंदराबंदरांत झाला. मग मोंबासा, सिंगापूर, रॉटरडॅम. गंज विकत घेणारे वेडे म्हणून लोक ज्यांना हसत होते, त्यांची जहाजं दहाव्या वर्षी चौदा देशांना ऊब देत होती.

अकराव्या वर्षी मवेनीहून झुहुरा मकामे आली. ती तिथल्या वीज मंडळाची मुख्य अभियंता. पुण्यात चार वर्षं शिकलेली, त्यामुळे मराठी थोडी मोडकी, पण अहो-जाहो चोख. ती बैठकीच्या खोलीत बसली नाही.

"बाई, तुम्ही माझ्याबरोबर चला. मला इथं सांगता नाही येणार."

सुलभाताई मवेनीला गेल्या. झुहुरानं त्यांना वीजकेंद्रात नेलं नाही, एका शाळेत नेलं. वर्गात चाळीस मुलं जमिनीवर बसून गणितं करत होती. बाक एकही नव्हता.

"मागच्या वर्षी चक्रीवादळ आलं," झुहुरा म्हणाली. "तुमचं जहाज एकोणीस दिवस येऊ शकलं नाही. तुमची चूक नाही, समुद्रच तसा होता. दिवसा पॅनेलची वीज होती. पण रात्रीला आणि इस्पितळाच्या वाफेला पीठ लागतं. पीठ संपलं. शस्त्रक्रियेची हत्यारं उकळायला आम्ही हे बाक जाळले."

मग ती त्यांना शाळेमागे घेऊन गेली. तिथं गंजाच्या थैल्यांची रास शाळेच्या छपराहून उंच होती. वर ऊन रणरणत होतं.

"सहाव्या दिवसापासून असंच ऊन होतं, बाई. गंज होता. ऊन होतं. पाणी होतं. फक्त तुमची भट्टी नव्हती."

सुलभाताईंनी लाल राशीला हात लावला. या गंजाकडे आजवर त्यांनी येणारा माल म्हणूनच बघितलं होतं.

रत्नागिरीत बैठक झाली. सिंगापूरचं काम बघणारा निनाद खानविलकर स्पष्टच बोलला. "भट्टी दिली की गिऱ्हाईक गेलं. आज मवेनी, उद्या उरलेले तेरा देश. दोन हजार माणसं आपल्याकडे कामाला आहेत, बाई. मी त्यांच्या वतीनं बोलतोय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सुलभाताईंनी इक्बालभाईंकडे पाहिलं.

"भट्टी तुमची," ते म्हणाले. "मी जहाजवाला. माल कुठून कुठं जातो एवढंच मला कळतं. पण जो माणूस फक्त आपल्यावाचून अडतो म्हणून आपल्याकडे येतो, त्याला मी गिऱ्हाईक म्हणत नाही."

"द्यायची," सुलभाताई म्हणाल्या. "लेपासकट. आणि शिकवायला मी जाणार."

त्या सात महिने मवेनीत राहिल्या. झुहुराच्या चमूला त्यांनी दाणा बोटांनी ओळखायला शिकवलं, तापमान कुठं धरायचं आणि कुठं सोडायचं ते शिकवलं. परतल्या तेव्हा बेटावर गंजाची रास उरली नव्हती. निनादची भीती मात्र निम्मी खरी ठरली. पाच देशांनी भट्ट्या मागितल्या, मिळाल्या, आणि त्यांच्याकडे जाणारी जहाजं बंद झाली. पण भट्ट्या बांधायला, शिकवायला, या बेटाचं जास्तीचं पीठ त्या बेटावर पोचवायला कुणीतरी लागत होतंच. 'तारू'ची माणसं तिथं गेली. एकालाही घरी बसावं लागलं नाही. आता कंपनीच्या नकाशावर जाण्यायेण्याच्या दोनच रेघा राहिल्या नव्हत्या. बंदराबंदरांमध्ये जाळं विणलं गेलं होतं.

मग एका वर्षी ऑगस्टमध्ये कोकणावर पाच आठवडे ढग ठाण मांडून बसले. भट्ट्या निम्म्यावर आल्या. काजूवाले विचारू लागले, इस्पितळं विचारू लागली. फोन आला तो झुहुराचा.

"आमच्याकडे आता कोरडा ऋतू, बाई. पीठ भरपूर आहे. पाठवू?"

बाराव्या दिवशी जयगडला जहाज लागलं. धक्क्यावर सुलभाताईंनी पहिली थैली उघडली, चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं आणि भिंगाखाली धरलं. मग दुसरी चिमूट घेतली आणि पुन्हा बघितलं.

"काय झालं? ओल लागली?" इक्बालभाईंनी विचारलं.

"हा लेप माझा नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हे इक्बालभाईंना कळलं. "आपला दाणा ऐंशी वेळा जळून परत लोखंड होतो, मग फुटतो. यांच्या कागदावर दोनशे लिहिलंय. आणि दाणा बघितल्यावर मला ते खरं वाटतंय. त्यांनी कुठली तरी वेगळी माती वापरलीय. माझ्या आयुष्यभराच्या कामाच्या पुढं गेली ती पोरं."

निनाद शेजारीच उभा होता. त्यानं चिमूट आपल्या हातावर घेतली. "बाई, हा लेप ज्याच्याकडे असेल, त्याच्यापुढं बाकीच्यांचं पीठ कोण घेणार? आपलंसुद्धा."

"मग मागू या," इक्बालभाई म्हणाले.

"आणि झुहुराबाई नाही म्हणाल्या तर?" निनादनं विचारलं.

धक्क्यावर क्रेन फिरत होती, एकेक थैली उतरत होती. सुलभाताईंनी हात पुसला, फोन काढला आणि झुहुराचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजू लागली. इतकी वर्षं लोक त्यांच्याकडे मागत आले होते, आणि काय उत्तर द्यायचं ते त्यांना दरवेळी ठाऊक असायचं.

मागताना पहिलं वाक्य कोणतं म्हणायचं असतं?